एकर-फुटांचा मुलूख

कृष्णेचं खोरं साधारण २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचं. त्यातलं पंचाहत्तर टक्के भरवशाचं पाणी बच्छावत लवादाने २०६० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) धरलं आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८०० असं वाटून दिलं. आमच्या सोलापूरकडे हे आकडे पारावर बसलेल्या कुणालाही विचारावेत. आता अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडची कोलोरॅडो घ्या. खोरं कृष्णेच्या जवळजवळ अडीचपट, सात राज्यं आणि वर मेक्सिको. करारांनी वाटलेलं पाणी वर्षाला १६५ लाख एकर-फूट. टीएमसीत मांडलं की ७१९ भरतं. एकट्या कर्नाटकाच्या वाट्यापेक्षा जेमतेम एकोणीस जास्त. एवढ्यावर चार कोटी माणसं, लॉस एंजेलिस-फिनिक्स-लास वेगाससारखी शहरं आणि हिवाळ्यात अख्ख्या अमेरिकेला पालेभाजी पुरवणारा मळा चालतो.

आणि हे पाणीही कागदावरचं. १९२२ साली सांता फेजवळ राज्यांचे प्रतिनिधी वाटपाला बसले तेव्हा हाताशी असलेली मोजमापं नेमकी ओल्या वर्षांची होती. २००० नंतर नदीचा नैसर्गिक येवा सरासरी १२५ लाख एकर-फुटांच्या आसपास आहे, म्हणजे साडेपाचशे टीएमसीसुद्धा नाही. खोऱ्यात आज तीस आदिवासी जमाती आहेत, शेकडो वर्षांपासून. त्यांच्यापैकी कुणालाही त्या बैठकीचं बोलावणं नव्हतं.

या मुलखातून एकटीने गाडी चालवत जायचं म्हटल्यावर सल्ले भरपूर मिळाले. बहुतेकांच्या तोंडी रूट ६६. शिकागोहून सांता मोनिकापर्यंतचा हा रस्ता १९२६चा, १९८५ मध्ये सरकारने यादीतून काढून टाकला आणि तेव्हापासून जगभरची माणसं त्याची वारी करताहेत. जुने पेट्रोलपंप, निऑनच्या पाट्या, गाडीच्या टपावर बसून काढलेले फोटो. असू दे. मला पाणी बघायचं होतं, म्हणून सप्टेंबरच्या शेवटाला लॉस एंजेलिसमध्ये भाड्याची गाडी घेतली, मागच्या सीटवर पाण्याचे कॅन भरले आणि आग्नेयेला निघाले.

पवनचक्क्यांची खिंड आणि इंडिओच्या खजुराच्या बागा मागे पडल्या की डावीकडे उघडे डोंगर आणि उजवीकडे सॉल्टन समुद्र. हा समुद्र अपघाताने झालेला. १९०५ मध्ये कोलोरॅडोवरून शेतीसाठी काढलेल्या पाटाचं तोंड पुरात फुटलं आणि अख्खी नदी या खोलगट वाळवंटात शिरली. रेल्वे कंपनीने डब्यांमागून डबे दगड ओतून १९०७ मध्ये ती परत वळवली, तोवर इथे सरोवर साचलं होतं. १९५०च्या दशकात त्याच्या काठाने हॉटेलं, होड्यांचे क्लब, सिनेनटांच्या सहली. पुढे पाणी आटत गेलं आणि खारटपणा महासागराच्याही वर गेला. काठावरच्या एका वस्तीचं नाव चक्क बॉम्बे बीच. समुद्रसपाटीच्या साधारण ६८ मीटर खाली. किनाऱ्यावर चालताना पायाखाली जे कुरकुरतं ती वाळू नसून माशांची हाडं आणि बार्नकलची टरफलं असतात. वास नाकात घुसतो आणि गाडीच्या एसीतूनही निघत नाही. गेल्या काही वर्षांत चित्रकार-शिल्पकारांनी इथे मुक्काम टाकलाय, पाण्यात उभा केलेला झोका वगैरे आहे. तरुण मंडळी त्यावर बसून फोटो काढतात. पाणी मागे हटल्यावर उघडी पडलेली धूळ मात्र आसपासच्या पोरांच्या छातीत जाते. या भागात लहान मुलांच्या दम्याचं प्रमाण मोठं आहे.

ब्रॉलीजवळ २०२५ मध्ये बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या उंच सायलोवर एक रेघ मारलेली दिसली. ती समुद्रसपाटी. आपण तिच्या कितीतरी खाली उभे. साखर बीटाची व्हायची, उसाची नव्हे, पण कारखाना, शेतं, पाट आणि उन्हाचा ताव या चौकडीत मला लगेच घरच्यासारखं वाटलं. इथून इम्पीरियल खोरं सुरू होतं. वर्षाला तीन इंचसुद्धा पाऊस नाही आणि डोळा पोचेल तिथवर हिरवं. कोलोरॅडोच्या पाण्यावरचा सगळ्यात मोठा एकहाती हक्क या खोऱ्याचा आहे : ३१ लाख एकर-फूट, म्हणजे १३५ टीएमसी. आमचं उजनी धरण काठोकाठ भरलं, मृतसाठ्यासकट, तरी ११७ होतात. हे पाणी १९४० मध्ये पुरा झालेल्या ऑल-अमेरिकन कालव्याने, १३० किलोमीटर, वाटेत वाळूच्या टेकड्या कापत, निव्वळ उताराने येतं.

पाणी मागायची पद्धत अशी : शेतकरी आदल्या दिवशी मागणी नोंदवतो आणि पाटकरी दुसऱ्या दिवशी येऊन दार उघडतो. पाटकऱ्याला इथे अजून जुन्या स्पॅनिश नावाने ‘सान्हेरो’ म्हणतात. एका चारीच्या कडेला मी गाडी थांबवली, तर समोरून पिकअप आला. उतरलेल्या माणसाने लोखंडी चाक फिरवून फळी चार बोटं वर घेतली, पट्टीवरची पातळी बघितली, पुन्हा अर्ध बोट खाली सोडली. पाणी आडव्या सऱ्यांत पसरू लागेपर्यंत तो हलला नाही. एका एकर-फुटाला, म्हणजे सव्वाबारा लाख लिटरला, शेतकरी वीसेक डॉलर मोजतो. पाणी कशाला चाललंय विचारल्यावर त्याने समोर बोट केलं. लसूणघास.

वाळवंटात लसूणघास! वर्षाला आठ-दहा कापण्या. गाठोडी बांधून त्यातली बरीचशी जहाजाने जपान, चीन, सौदीकडे जाते. पाणीच पेंढ्या बांधून निर्यात होतं, असं टीकाकार म्हणतात. शेतकऱ्यांचं उत्तर साधं आहे. हक्क आमचा, जमीन आमची, आणि घासाइतकं भरवशाचं नगदी पीक दुसरं कुठलं? सोलापूर जिल्ह्यात उसाबद्दल हा वाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोन्ही बाजू मला पाठ आहेत. तरी शेतकऱ्याला एकट्याला खलनायक ठरवणं मला पटत नाही. या खोऱ्याने शहरांना पाणी विकण्याचे करार केलेत, ठिबक आलंय, काही शेतं पैसे घेऊन पडीक ठेवली जातात. पण नदीचं बहुतांश पाणी शेतीत जातं आणि त्यातलं बरंचसं जनावरांच्या चाऱ्यात, हे कितीही फिरवून सांगितलं तरी तसंच राहतं.

एल सेंट्रोचं गुरुद्वारा १९४८चं. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत पंजाबी शेतकरी इथे कापूस लावायला आले. १९१७च्या कायद्याने बायका आणता येईनात, कॅलिफोर्नियाच्या १९१३च्या कायद्याने जमीन नावावर होईना, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात हिंदी माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्वही नाकारलं. तेव्हा यांतल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. होसे सिंग, मारिया सिंग अशा नावांची एक पिढीच या पाटांच्या काठी वाढली. कॅरन लेनर्ड यांनी या कुटुंबांवर पुस्तक लिहिलंय. याच खोऱ्यातले दलीपसिंग सौंद. बर्कलीतून गणितात पीएचडी, पण नोकरी मिळेना म्हणून शेती. १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले, तिथे पोचलेले पहिले आशियाई. त्या निवडणुकीत त्यांनी हरवलं ते विख्यात वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांना. एवढा मोठा माणूस, पण आपल्याकडे पाठ्यपुस्तकात त्याची एक ओळही माझ्या वाचनात आली नाही.

युमाला कोलोरॅडो ओलांडली. पुलावरून खाली बघितलं तर आपल्याकडचा एखादा मोठा ओढा. मेक्सिकोला १९४४च्या तहाने १५ लाख एकर-फूट मिळतात, ते सीमेवरच्या बंधाऱ्यातून कालव्यात वळतात आणि पुढचं पात्र कोरडं. नदी एरवी समुद्राला पोचत नाही. २०१४च्या वसंतात दोन्ही देशांनी ठरवून पाणी सोडलं तेव्हा ती काही दिवसांसाठी समुद्राला भेटली, आणि कोरड्या पात्रात लोक नाचले.

पुढे गिला बेंडपर्यंतचा रस्ता सरळ आणि लांब. वेगमर्यादा ताशी ७५ मैल, म्हणजे १२०. क्रूझ कंट्रोल लावलं की पायाला काम राहत नाही आणि झोपेशी झगडा सुरू होतो. धुळीच्या वादळाचे नियम पाट्यांवर लिहिलेले : गाडी रस्त्याबाहेर घ्या, दिवे बंद करा, ब्रेकवरून पाय काढा. दिवे बंद कशाला, असं कुणालाही वाटेल. कारण धुळीत आंधळा झालेला मागचा ट्रकवाला तुमचे लाल दिवे हाच रस्ता समजून थेट तुमच्यावर येतो. कोरड्या ओढ्यांचंही तसंच. आभाळ निरभ्र असताना वीस कोसांवर पडलेल्या पावसाचा लोंढा येतो. अडथळे लावलेले असताना त्यात गाडी घालून अडकलात, तर सुटकेचा खर्च ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे तुमच्याकडून वसूल होतो. कायद्याचं बोलीतलं नाव ‘मूर्ख वाहनचालक कायदा’. मला हे नाव फार आवडलं. आपल्याकडेही हवं.

गिला बेंडला मोटेलच्या काउंटरमागच्या दारातून हिंगाच्या फोडणीचा वास आला आणि मालक कुठले हे विचारायची गरज उरली नाही. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं-मोटेलं भारतीय वंशाच्या लोकांची आहेत, त्यांतली बहुसंख्य गुजराती. युगांडातून १९७२ मध्ये हुसकलेले, नवसारी-सुरतकडून आलेले, एकमेकांच्या हातउसन्यावर उभे राहिलेले. १९८९ पासून त्यांची मोठी संघटना आहे. काकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि चष्म्यावरून बघितलं. “अकेली? मुंबई से?”

“सोलापूरची. हो, एकटीच.”

“बेन, एक बात सुनो. टाकी आधी हुई, तो भरवा लेने का. पाव होने की राह नहीं देखने का.” मग आतून काकींनी वाटीभर खिचडी-कढी पाठवली. पैसे घेतले नाहीत. पूर्वी ट्रकवाले आणि थंडीत पळून येणारे म्हातारे असायचे, आता सौरऊर्जेच्या प्रकल्पांवरचे कामगार महिना-महिना राहतात, काका सांगत होते. मुलगी डॉक्टर, मुलगा डॅलसमध्ये. मोटेल पुढे कोण बघणार, यावर त्यांनी फक्त किल्ल्यांचा जुडगा वाजवला.

दक्षिणेला अहो गावावरून मेक्सिकोच्या हद्दीकडे गेलं की वाळवंटात उंच काठ्यांवर निळे झेंडे दिसतात. खाली निळी पिंपं. टूसॉनच्या एका सेवाभावी संस्थेने, हद्द ओलांडून चालत येणाऱ्यांसाठी भरून ठेवलेलं पाणी. दक्षिण ॲरिझोनाच्या वाळवंटात २००० नंतर चार हजारांहून जास्त माणसांचे अवशेष सापडलेत. जून २०१९ मध्ये लूकव्हिलच्या पश्चिमेला भारतातून आलेली सहा वर्षांची एक मुलगी मेली. तस्करांनी तिला आणि तिच्या आईला हद्दीवर सोडून पुढे चाला म्हणून सांगितलं होतं. पारा ४२ अंश. आई तिला सोबतच्या बाईकडे ठेवून पाणी शोधायला गेली होती. मी एका पिंपाची तोटी फिरवून पाहिली. पाणी गरम होतं, पण होतं. परतीच्या रस्त्यावर गस्तीच्या चौकीत पासपोर्ट दाखवावा लागला. तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने नम्रपणे विचारलं, “एकट्याच? पाणी पुरेसं आहे ना?”

टूसॉनभोवती सग्वारो निवडुंगांची रानं आहेत. पहिल्या दहा वर्षांत हे झाड दोन इंचही होत नाही, पहिला फाटा फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, आयुष्य दीडशे-दोनशेचं. पाऊस झाला की खोडाच्या चुण्या उलगडतात आणि झाड पाणी पिऊन जाड होतं. ते परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे. १९८२ मध्ये फिनिक्सजवळ एकाने मौजेखातर बंदुकीने एक सग्वारो झोडपला, तर वरून तुटलेला फाटा त्याच्याच अंगावर पडून तो मेला. इथले लोक ही गोष्ट सांगताना दु:ख झाल्याचं ढोंगही करत नाहीत.

फिनिक्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला आणि त्या वर्षी शहराच्या एकट्या मॅरिकोपा परगण्यात ६४५ माणसं उष्म्याने गेली. शहर तरी पसरतंच आहे. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीपर्यंत इथे होहोकाम लोकांनी हाताने खणलेले शेकडो मैलांचे पाट होते. आजचे काही कालवे त्याच रेषांवरून जातात. त्यात भर म्हणून १९७३ ते १९९३ अशी वीस वर्षं खपून कोलोरॅडोचं पाणी फिनिक्सवरून पार टूसॉनपर्यंत, ५४० किलोमीटर, साडेआठशे मीटरहून जास्त उचलून नेलंय. आता हे पाणी उचलायला वीज लागते. ती कुठून येत होती, ते बघायला मी उत्तरेला निघाले. फ्लॅगस्टाफला २१०० मीटरवर पाइनचं जंगल आणि गारवा भेटला. खिडक्या खाली केल्या आणि एक तास रेडिओसुद्धा लावला नाही.

फ्लॅगस्टाफ सोडून उतरलं की नवाहो जमातीचा मुलूख. ते स्वतःला दिने म्हणवतात. एकाहत्तर हजार चौरस किलोमीटर, केरळच्या पावणेदोनपटीहून जास्त, स्वतःचं सरकार, न्यायालयं, पोलीस. रेडिओवर ६६०ला त्यांचं केंद्र लागतं. नवाहो भाषेत गुरांच्या बाजाराची बातमी, मग लगेच अमेरिकन कंट्री गाणं. घड्याळही त्यांचं वेगळं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो करतात, आणि नवाहोंच्या पोटात वसलेले होपी करत नाहीत. ट्यूबा सिटी नवाहोंचं, रस्त्यापलीकडचं मोएनकोपी होपींचं. नाश्त्याला कधी येऊ विचारलं तर बाई म्हणाल्या, “सातला. आमच्या सातला, पलीकडच्या नव्हे.”

या मुलखातल्या सुमारे तीस टक्के घरांत नळ नाही. पाण्याच्या सार्वजनिक ठिकाणी सकाळीच पिकअप रांगेत उभे होते, प्रत्येकाच्या मागे लोखंडी जाळीतली प्लॅस्टिकची चौकोनी पांढरी टाकी, हजारेक लिटरची. माझ्यापुढच्या आजींनी जाड पाइप टाकीत सोडला, नातवाला टपावर चढवून पाणी कुठवर आलं ते बघायला लावलं, आणि भरता-भरता माझी चौकशी केली. कुठची, एकटी का, नवरा काय करतो. टाकी मेंढ्यांना आणि घराला मिळून तीन-चार दिवस जाते म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. “रेल्वेने?” त्यांनी नातवाकडे बघितलं. “आमच्याकडची रेल्वे कोळसा न्यायची.”

खरंच न्यायची. ब्लॅक मेसाच्या पठारावरून नवाहो आणि होपींच्या जमिनीतला कोळसा विजेच्या गाडीने पेजजवळच्या वीजकेंद्राला जाई आणि त्या विजेवर फिनिक्सचे पंप चालत. दुसऱ्या खाणीचा कोळसा तर भुकटी करून, पिण्याजोग्या भूजलात कालवून, ४४० किलोमीटरच्या नळातून नेवाडाच्या टोकाला ढकलला जाई. २००५ पर्यंत. पेजचं केंद्र २०१९ मध्ये बंद पडलं, त्याची धुराडी पुढच्या वर्षी पाडली. नोकऱ्या गेल्या. १९४४ ते १९८६ दरम्यान इथून जवळजवळ तीन कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं, त्या पाचशेहून जास्त खाणी सोडून दिलेल्या आहेत आणि काही विहिरींचं पाणी त्यांनी कायमचं नासवलं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की १८६८च्या तहामुळे नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलणं केंद्र सरकारवर बंधनकारक नाही. या सगळ्या प्रवासात मला चीड आली ती इथे. घासाच्या पेंढीवर नाही, शहराच्या हिरवळीवरही नाही. ज्यांचा कोळसा जाळून पाणी डोंगरावर चढवलं, त्यांच्या दारी टाकी.

पेज हे गाव १९५७ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं. २१६ मीटर उंचीचं धरण, मागे पॉवेल सरोवर, लाल खडकावर उतरलेल्या पाण्याचा पांढरा पट्टा. जवळच्या अँटेलोप कॅन्यनमध्ये नवाहो वाटाड्याशिवाय जाता येत नाही. १९९७च्या ऑगस्टमध्ये दूरच्या पावसाच्या लोंढ्यात तिथे अकरा पर्यटक दगावले. त्या घळीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत, मी वेगळं काय सांगू.

मग यूटाच्या कोपऱ्यातून लास वेगास. कारंजी, खोटं व्हेनिस, रात्रभर दिवे. सगळ्यांना वाटतं पाण्याची उधळपट्टी इथेच. प्रत्यक्षात नेवाडा राज्याचा कोलोरॅडोतला वाटा फक्त ३ लाख एकर-फूट, तेरा टीएमसी. पुण्याच्या चार धरणांत २९ मावतं. घरातल्या मोरी-संडासातून गेलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून पुन्हा कोलोरॅडोवरच्या मीड सरोवरात सोडतात आणि तेवढंच पुन्हा उचलतात. २०२२च्या जुलैमध्ये सरोवर १९३७ नंतरच्या नीचांकावर होतं, त्या वर्षी गाळातून बुडालेल्या होड्या आणि पिंपात कोंबलेला एक सांगाडा वर आला, तरी शहराच्या नळाला खळ पडला नाही. कारण २०१५ मध्येच त्यांनी तळाशी बोगदा खणून ठेवला होता. २०२१च्या कायद्याने नुसतं शोभेचं गवत, रस्त्याच्या दुभाजकातलं, ऑफिसपुढचं, २०२६ अखेर काढायचं आहे. नदीच्या टंचाईचे २००७चे नियमही त्याच वर्षी संपतात आणि सात राज्यांचं पुढच्या वाटणीवर जमत नाही. मीड सरोवर अडवणाऱ्या हूवर धरणाच्या एका मनोऱ्यावर ॲरिझोनाचं घड्याळ, दुसऱ्यावर नेवाडाचं. उन्हाळ्यात दोन्ही एकच वेळ दाखवतात. एवढी एकी तरी आहे.

वेगासशेजारच्या हेंडरसनला नाशिकच्या एका ओळखीच्या कुटुंबाकडे उतरले. अंगणातलं गवत उपटून त्यांनी खडी आणि निवडुंग लावलेत. चौरस फुटामागे पाणीपुरवठा संस्था पैसे देते. कुठल्या वारी झाडांना पाणी घालायचं ते ठरलेलं, रविवारी अजिबात नाही. पाणी फुटपाथवर वाहिलं की दंड, आणि ते बघायला गाड्या फिरतात. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या सासूबाई सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. तेवढ्यात त्या ओरडल्या, “अगं, ती ठिबकची नळी सुटली बघ, पाणी रस्त्यावर चाललंय! त्याला म्हणावं, चपला राहू देत, आधी कॉक बंद कर!”